आडोशाचं अंडं

परसात चार-पाच कोंबड्या असलेल्या घरात एक तक्रार हमखास ऐकू येते: कोंबडी रोज ओरडते, पण अंडं काही दिसत नाही. खुराड्यात भुसा घातलेला असतो, कोपऱ्यात टोपली मांडलेली असते आणि बाईसाहेब मात्र जाऊन बसलेल्या असतात घायपाताच्या कुंपणात, कडब्याच्या गंजीच्या पोटात, माळ्यावरच्या जुन्या पाटीत, नाहीतर गोठ्यात गव्हाणीमागच्या अंधारात. मग कधीतरी सरपण काढताना एकदम नऊ-दहा अंडी हाती लागतात आणि त्यातली निम्मी नासलेली निघतात. कधी तेवढंही नशिबी नसतं. नुसती टरफलं सापडतात आणि मुंगसाचा संशय येतो. अशा कोंबडीला घरात जी विशेषणं मिळतात ती सगळी तिच्या स्वभावाची असतात. लबाड, चोरटी, हट्टी, भटकी. या प्रकरणाचं म्हणणं असं की इथे स्वभावाचा संबंधच नाही. आडोसा शोधणं हा अंडं घालण्याच्या क्रियेचाच भाग आहे. कोंबडीच्या शरीरातल्या ज्या घटनेपासून अंड्याचा प्रवास सुरू होतो, त्याच घटनेतून आडोशाची ओढही निर्माण होते. त्यामुळे अंडी हवीत पण ही ओढ नको, असं कोंबडीकडे मागता येत नाही. हे एकदा पटलं की तिला वळण लावण्याचा खटाटोप आपोआप मागे पडतो आणि आपण मांडून दिलेल्या जागेत काय खोट आहे, याकडे लक्ष जातं.

परसातल्या कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे आग्नेय आशियातला लाल रानकोंबडा. सह्याद्रीत पहाटे ऐकू येतो तो करडा रानकोंबडा वेगळा. त्याचाही थोडा वाटा पाळीव कोंबडीत आहे, कारण पिवळ्या कातडीचं जनुक त्याच्याकडून आल्याचं २००८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. पण मुख्य वारसा लाल रानकोंबड्याचा. त्याची मादी जमिनीवर अंडी घालते. घरटं कसलं, झुडपाच्या किंवा बांबूच्या बेटाच्या बुडाशी उकरलेला उथळ खळगा आणि त्यात थोडा सुका पाला. उंच फांदीवर घरटं बांधणाऱ्या पक्ष्याला उंचीचं संरक्षण असतं, बिळात अंडी घालणाऱ्याला बिळाचं. जमिनीवरच्या उघड्या खळग्याला यातलं काहीच नाही. त्यात रानकोंबडी पाच-सहा अंडी एकदम घालत नाही. दिवसाला जास्तीत जास्त एक, आणि सगळी होईपर्यंत ती उबवायला बसत नाही. यामागेही हिशेब आहे. अंड्यातल्या जिवाची वाढ साधारण २० अंश सेल्सिअसच्या खाली थांबून राहते आणि ऊब मिळाली की पुन्हा चालू होते. सगळी अंडी घालून झाल्यावर ऊब दिली तर पहिलं आणि शेवटचं अंडं जवळजवळ एकाच वेळी, एकविसाव्या दिवसाच्या आसपास फुटतं आणि आईला सगळी पिल्लं एकदम घेऊन तिथून निघता येतं. पण या सोयीची किंमत अशी की पहिले सहा-सात दिवस घरटं जवळजवळ बेवारस पडलेलं असतं. कावळा, मुंगूस, घोरपड, नाग यांच्यापैकी कोणालाही ते एकदा दिसलं की सगळी अंडी गेली. त्या दिवसांत अंड्याला एकच बचाव असतो, तो म्हणजे न दिसणं. ज्या माद्यांनी अंडी उघड्यावर घातली त्यांचा वंश थोडाच मागे उरला. ज्यांनी दडवली त्यांच्या लेकी आज आपल्या परसात फिरत आहेत.

यावरचा पहिला आक्षेप सरळ आहे. हे सगळं रानातलं झालं. माणसाच्या दारात इतकी वर्षं काढल्यावर ही सवय मोडायला नको होती का? थायलंडमधल्या बान नॉन वाट इथे मिळालेली इ.स.पू. १६५० ते १२५० या काळातली हाडं पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीशीर हाडं असल्याचं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हटलं आहे. म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांचा सहवास झाला. एवढ्या काळात कोंबडीचं वजन बदललं, रंग बदलले, अंड्यांचा आकडा तर कल्पनेपलीकडे बदलला. मग घरटं शोधण्याची तऱ्हाच तेवढी तशीच कशी राहील? याचं उत्तर मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे पाळीव कोंबड्यांना रानावर सोडून द्यायचं आणि काय होतं ते पाहायचं. हा प्रयोग ऑस्ट्रेलियात जवळजवळ आपोआप झाला होता. ग्रेट बॅरिअर रीफमधल्या नॉर्थ वेस्ट बेटावर माणसांनी आणलेल्या कोंबड्या मागे राहून रानटी झाल्या होत्या. ग्लेन मॅकब्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास करून १९६९ मध्ये तो प्रसिद्ध केला. दुसरा अभ्यास इयन डंकन, सेव्हरी आणि डेव्हिड वूड-गश यांचा, १९७८ सालचा, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका बेटावरचा. दोन्हीकडच्या कोंबड्यांना शिकवणारी रानकोंबडी आजूबाजूला नव्हती, दोन्हीकडची झाडंझुडपं आग्नेय आशियातल्या जंगलासारखी नव्हती, तरी कोंबड्यांनी केलं ते तेच: कळपापासून बाजूला जाऊन दाट झाडोऱ्यात दडलेली घरटी. माणसाच्या संगतीत ही ओढ मेलेली नव्हती. तिला फक्त वाव मिळत नव्हता. डालग्याखाली झाकलेल्या कोंबडीत आणि बेटावरच्या कोंबडीत फरक असेल तर तो डालग्याचा आहे.

पण ‘ओढ टिकली’ एवढं म्हणून काम संपत नाही. ती का टिकली हे सांगावं लागेल. या साऱ्या विषयातला सर्वांत चोख पुरावा इथेच मिळतो आणि तो एडिंबरा इथल्या कुक्कुट संशोधन केंद्रातला आहे. १९६०च्या दशकात वूड-गश आणि गिल्बर्ट यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: अंडं घालायची वेळ झाली हे कोंबडीला कळतं कशावरून? कोणीही सहज म्हणेल की पोटात कवचाचं अंडं तयार होऊन दाब यायला लागला की तिला जाणवत असणार. तसं नाही. अंड्याचा पिवळा बलक अंडाशयातल्या एका पिशवीत वाढतो. ती पिशवी फुटून बलक बाहेर पडला की तो नळीत उतरतो. तिथे तीनेक तास त्यावर पांढरा भाग चढतो, पुढे पातळ पडदे, आणि मग कवच बनायला वीसेक तास लागतात. एकूण सव्वीस तासांच्या आतबाहेर अंडं बाहेर येतं. या वेळात ती फुटलेली रिकामी पिशवी अंडाशयावरच चिकटून असते. तिचं काम झालं असं वाटतं, पण झालेलं नसतं. या दोघांनी ती पिशवी शस्त्रक्रियेने काढून टाकली. अंडं आपल्या वाटेने आलं, पण कोंबडीने घरटं शोधण्याची नेहमीची लगबग केलीच नाही. ते कुठेही पडलं. याच्या उलटही पाहायला मिळतं. काही कोंबड्यांत बलक नळीत न उतरता पोटाच्या पोकळीत पडतो आणि जिरून जातो. त्यांच्याकडे घालायला अंडं नसतं, तरी दुसऱ्या दिवशी वेळ झाली की त्या घरटं शोधतात, बसतात, उठतात. म्हणजे ओढीची घंटा वाजते ती आदल्या दिवशी, बलक सुटला त्या क्षणी. ती सोडलेली पिशवी आणि तिच्याशी निगडित संप्रेरकं चोवीस तासांनंतरच्या वागण्याची तयारी करून ठेवतात. त्या वेळी पोटात अंडं आहे की नाही, याच्याशी त्या तयारीला देणंघेणं नसतं.

या शोधाचा पुढचा अर्थ कोंबडीच्या पैदाशीच्या संदर्भात फार मोठा आहे. माणसाने हजारो वर्षं आणि गेल्या शंभर वर्षांत तर अतिशय नेटाने कशाची निवड केली? अधिक अंड्यांची. अधिक अंडी म्हणजे अधिक वेळा बलक सुटणं. आणि प्रत्येक बलक सुटण्याबरोबर आडोशाची एक ओढ ठरलेली. गावठी कोंबडी वर्षाला साधारण पन्नास ते सत्तर अंडी देते. पिंजऱ्यातली व्यापारी जात तीनशेच्या वर जाते. मग आडोशाची ओढ कोणाला जास्त वेळा लागते? रानकोंबडीला वर्षातून दहा-पंधरा वेळा, गावठीला पन्नास ते सत्तर वेळा आणि जिला आपण पूर्णपणे यंत्रवत झालेली समजतो त्या पांढऱ्या कोंबडीला जवळजवळ रोज. माणसाने ओढ कमी केली नाही, उलट न कळत तिची संख्या वाढवली. इथे कोणी म्हणेल की खुडूक बसण्याची सवय तर पैदाशीतून मोडली ना? लेगहॉर्न जात खुडूक बसत नाही, गिरिराज आणि वनराजसारख्या सुधारित जातीही क्वचितच बसतात. तर मग घरट्याची सवय मोडायला काय हरकत होती? आक्षेप चांगला आहे, पण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करणारा आहे. खुडूक बसणं ही अंडी घालून झाल्यानंतरची अवस्था आहे. तिचा चालक प्रोलॅक्टिन हे वेगळं संप्रेरक, आणि ती सुरू झाली की अंडी बंद होतात. म्हणजे अंडी हवी असणाऱ्या माणसाला ती तोट्याची, म्हणून त्याने ती वेचून काढली. घरट्याची ओढ अंडी बंद करत नाही, ती अंड्याच्याच मुळाशी बांधलेली आहे. ती वेचून काढायची तर अंडंही हातचं जाईल.

ही ओढ किती जोरकस असते हे मोजण्याचाही प्रयत्न झाला आहे. जोनाथन कूपर आणि मायकेल अ‍ॅपलबी यांनी कोंबड्यांना घरट्याकडे जायला कष्ट करावे लागतील अशी व्यवस्था केली आणि त्याच मापाने अन्नासाठीचे कष्टही मोजले. अंडं यायला चाळीसेक मिनिटं असताना कोंबडी घरट्यासाठी जेवढी झटते, तेवढी ती चार तास उपाशी असताना अन्नासाठी झटते. वीस मिनिटं उरली की हे कष्ट दुप्पट होतात. त्याहून विचार करायला लावणारा प्रयोग ह्यूज, डंकन आणि ब्राउन यांचा, १९८९ सालचा. कोंबडीने काल स्वतः रचलेलं घरटं आज तिला तसंच्या तसं परत दिलं तर तिने नुसतं जाऊन बसायला हवं. पण ती पुन्हा घरटं रचण्याच्या सगळ्या हालचाली करते. तयार खळगा असणं तिला पुरत नाही, तो करण्याची क्रियाही तिला पार पाडायची असते. प्राण्यांच्या वर्तनाचे जाणकार कॉनराड लॉरेन्झ यांनी पिंजऱ्यातल्या कोंबडीचा सर्वांत मोठा छळ जागेच्या तुटवड्यात पाहिला नाही, तर यात पाहिला: अंडं घालायच्या वेळी ती सोबतिणींच्या पोटाखाली शिरून आडोसा शोधते आणि तो मिळत नाही. या प्रकारच्या पुराव्यांचा भार वाढत गेला म्हणूनच युरोपीय संघाने १९९९ मध्ये निर्देश काढून १ जानेवारी २०१२पासून उघडे जाळीचे पिंजरे बंद केले आणि कोंबडीला घरट्याची जागा देणं बंधनकारक केलं. आपल्याकडे विधी आयोगाने २०१७ मध्ये २६९व्या अहवालात हा विषय हाती घेतला. जाळीचे पिंजरे मात्र देशातल्या बहुतेक अंडी उद्योगात अजून चालूच आहेत.

पुस्तकी पुरावे पुरे झाले. आता परसातली कोंबडी जवळून पाहू. सकाळी आठ-नऊचा सुमार. इतर कोंबड्या उकिरड्यावर उकरत आहेत आणि एक त्यांच्यातून बाजूला झाली आहे. तिचं खाण्यात लक्ष नाही. मान लांब करून ती पडवीच्या कोपऱ्यात डोकावते, दोन पावलं आत जाते, परत फिरते. मग कुंपणाच्या बुडाशी, मग लाकडांच्या रचाईमागे. मधूनच लांबवत नेलेला, तक्रारीच्या सुराचा आवाज काढते. हा आवाज नंतरच्या कलकलाटापेक्षा अगदी वेगळा असतो आणि ऐकायची सवय असलेल्या बायका त्यावरूनच ओळखतात की ही आज घालणार. कोणी मागे लागलं तर ती सरळ जागेकडे जात नाही. थांबते, उगीच जमीन उकरते, वाट वाकडी करते. जागा पसंत पडली की पोट टेकून बसते, छातीने आणि पायांनी खालचा भुसा बाजूला सारत गोल फिरते, चोचीने एकेक काडी उचलून स्वतःच्या पाठीवर टाकते. त्या काड्या घसरून कडेला पडतात आणि खळग्याला कठडा तयार होतो. मग काही वेळ अगदी शांत. शेवटी ती अर्धवट उभी राहते, अंडं पडतं, ओलसर चमकतं आणि पाहता पाहता कोरडं होतं. हा ओलावा म्हणजे कवचावरची संरक्षक साय. तिच्यामुळे कवचाच्या छिद्रांतून जंतू आत शिरत नाहीत. साठवायची अंडी धुऊ नयेत, याचं कारण एवढंच.

आता सर्वांत अवघड आक्षेप. एवढ्या शिताफीने अंडं दडवायचं आणि मग गाव गोळा होईल असं ओरडायचं, हे कसलं लपवणं? या कलकलाटावरूनच तर मुलं धावत जाऊन अंडं शोधतात. आडोशाचा सगळा सिद्धांत या एका आवाजापुढे हास्यास्पद ठरतो, असं वाटणं साहजिक आहे. पण आवाज कुठे आणि केव्हा होतो हे पाहावं लागेल. मोकळ्यावर राहणारी कोंबडी घरट्यात बसून कलकलत नाही. ती घरटं सोडते आणि मग ओरडते. मॅकब्राइड यांच्या बेटावर या आवाजाला कोंबडा येऊन भेटायचा आणि तिला कळपात परत घेऊन जायचा. कळपापासून तास-दीड तास दूर राहिलेल्या पक्ष्याला सोबत परत मिळवण्याची ती हाक आहे. शिवाय दूर जाऊन केलेला गोंगाट शत्रूचं लक्ष घरट्याऐवजी स्वतःकडे ओढतो, असंही काही अभ्यासक मानतात. टॉमासो पिझ्झारी आणि टिम बर्कहेड यांनी २००१ मध्ये आणखी वेगळी बाजू मांडली: अंडं घातल्याच्या लगेच नंतरचा काळ फलनाच्या दृष्टीने निरुपयोगी असतो आणि ही हाक कोंबड्यांना तेच कळवून त्यांचा ससेमिरा टाळते. यातलं कोणतं कारण किती खरं यावर वाद घालता येईल. मला पहिलं सर्वांत पटतं, कारण ते कळपाच्या रोजच्या व्यवहाराशी जुळतं. पण यातलं एकही कारण लपवण्याच्या विरोधात जात नाही. खुराड्यात मात्र दूर जायला जागाच नसते, म्हणून कोंबडी टोपलीच्या काठावरूनच ओरडते आणि आपल्याला ती स्वतःचंच गुपित फोडताना दिसते.

दुसरी विसंगती अशी दाखवली जाते की दडवायचंच असेल तर तीन कोंबड्या एकाच जागी अंडी का घालतात? कुंपणातल्या एका खळग्यात पांढरी आणि तपकिरी अंडी शेजारी शेजारी सापडतात, आणि चार टोपल्या रिकाम्या असताना एका टोपलीसाठी भांडण चालतं. उत्तर रानातच आहे. जिथे आधीचं अंडं शाबूत दिसतं ती जागा अजून कोणाच्या नजरेला पडलेली नाही, एवढं निश्चित. शाबूत अंडं हाच जागेच्या सुरक्षिततेचा पुरावा. म्हणून सगळी अंडी उचलून नेली की कोंबडी पुष्कळदा जागा बदलते: तिच्या दृष्टीने घरटं लुटलं गेलं आहे. घरट्यात एक अंडं मागे ठेवायची जुनी पद्धत या निरीक्षणावरच उभी आहे, आणि ती कोणी प्रयोगशाळेत शोधलेली नाही. उघड्यावर अंडं टाकणाऱ्या कोंबड्याही असतात, हे मान्य करायला हवं. बहुधा त्या नुकत्या अंड्यावर आलेल्या तलंगा असतात, ज्यांची जागा अजून ठरलेली नसते, किंवा वरचढ कोंबडीने टोपलीपासून हुसकावलेल्या. मोठ्या शेडमध्ये जमिनीवर पडलेली अंडी गोळा करणाऱ्यांना विचारा: ती मोकळ्या मधल्या भागात कमी आणि भिंतीच्या कडेला, कोपऱ्यात, अंधाऱ्या पट्ट्यात जास्त सापडतात. अपवाद म्हणून पुढे केलेली अंडीही बहुतेक आडोशाच्या दिशेनेच पडलेली असतात.

मग परसात काय करायचं? हा प्रश्न किरकोळ नाही. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्यांसारखे पक्षी ३१ कोटी ७० लाखांच्या घरात मोजले गेले आणि आधीच्या गणनेपेक्षा ही संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेली होती. या अंड्यांचा पैसा बहुतांशी घरातल्या बाईच्या हातात येतो. खेड्यातला जुना उपाय म्हणजे सकाळी सोडण्याआधी कोंबडी चाचपून पाहायची आणि अंडं जाणवलं तर ते घालेपर्यंत तिला डालग्याखाली ठेवायचं. उपाय खात्रीचा आहे, पण रोजचा ताप, आणि डालग्याच्या कोंबडीची तगमग डोळ्यांना दिसते. त्यापेक्षा वेळेचा फायदा घ्यावा. बहुतेक अंडी सकाळी येतात. लागोपाठ घालणाऱ्या कोंबडीचं अंडं रोज थोडं उशिरा सरकत जातं आणि मग एक दिवस खाडा पडतो. नव्या जागेची सवय लागेपर्यंत आठ-दहा दिवस कोंबड्या दहा-अकरा वाजेपर्यंत आत ठेवल्या तर बहुतेक अंडी आतच पडतात, आणि कोंबडी ज्या जागेला एकदा सरावली तिथे परत येते. मात्र ती जागा तिच्या कसोटीला उतरली पाहिजे. आपण टोपली मांडतो ती आपल्याला दिसेल अशी, दाराजवळ, उजेडात, म्हणजे नेमकी कोंबडीला नको तिथे. तीन बाजूंनी बंद, वर छप्पर, तोंड उजेडाकडून फिरवलेलं, साधारण फूटभर लांब-रुंद खोकं, आत उकरता येईल असा चार बोटं पेंढा किंवा भुसा, चार-पाच कोंबड्यांमागे एक, आणि त्यात मातीचं किंवा लाकडाचं खोटं अंडं. सगळं करूनही कोंबडी जात नसेल तर रात्री विजेरी घेऊन पेंढा तपासावा; पिसवांनी भरलेलं घरटं कोंबडी सोडून देते आणि दोष तिच्या भटकेपणाला लागतो.

कुंपणात सापडलेल्या अंड्यांचा हिशेब वेगळा. कवचाच्या बोथट टोकाशी हवेची पोकळी असते आणि पाणी उडत जातं तशी ती वाढते. म्हणून ताजं अंडं पाण्यात तळाशी आडवं पडतं, जुनं उभं राहायला लागतं, फार जुनं तरंगतं. पण ही चाचणी वय सांगते, आतली वाढ नाही. कळपात कोंबडा असेल तर अंडं बहुधा फलित असतं. कोंबडीच्या शरीरात वीर्य दोन आठवडे टिकतं, त्यामुळे कोंबडा परवा विकला म्हणून खात्री देता येत नाही. आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात कोंबडी बसली नाही तरी अंड्यात वाढ सुरू होते, अर्धवट होते आणि जीव मरतो. तेव्हा उन्हाळ्यात सापडलेली अंडी अंधारात विजेरीवर धरून पाहावीत. लाल शिरा दिसल्या तर खायला घेऊ नयेत.

शेवटचा आक्षेप अर्थशास्त्राचा: इतकं समजून घेऊन काय, अंडी तर वाया गेलीच ना? सगळी जात नाहीत. गावठी कोंबडी काही दिवस दिसेनाशी होते, घरचे तिची आशा सोडतात आणि तीन आठवड्यांनी ती आठ-नऊ पिल्लं मागे घेऊन अंगणात येते, हे खेड्यात कोणाला नवीन नाही. अंडी उबवण्याचं यंत्र नसलेल्या घरात कळप वाढतो तो याच वाटेने, किंवा हाताने रवणीला बसवलेल्या कोंबडीच्या वाटेने. सुधारित जातीच्या कोंबड्या खुडूक बसत नसल्यामुळे त्यांची अंडीसुद्धा अखेर एखाद्या गावठी कोंबडीखालीच ठेवावी लागतात. ज्याला खायला अंडी हवीत त्याने खोकं द्यावं. ज्याला कळप वाढवायचा आहे त्याने एखादीला कुंपणातलं घरटं राखू द्यावं आणि मुंगूस फिरत असेल तर रात्री तिच्यावर डालगं घालावं. खोकं मात्र पहिल्या अंड्यानंतर करू नये. तलंग साधारण पाच-सहा महिन्यांत अंड्यावर येते. तिचा तुरा लाल व्हायला लागला आणि ती कोपऱ्यांत डोकावू लागली की पंधरा दिवस आधीच ते मांडून ठेवावं, कारण पहिली जागा जी ठरते ती बदलायला पुढे फार कष्ट पडतात.